किर्रर्र वाजणारा खेळ

जत्रेत घेतलेला भोवरा कधीतरी माळ्यावर जाऊन पडतो. वीस-पंचवीस वर्षांनी तो हाती लागतो. मग आपण लगेच जाळी शोधू लागतो. खरे ना?

विलायतेतल्या पन्नाशीच्या पुष्कळ माणसांचेही असेच आहे. मात्र त्यांचा भोवरा म्हणजे एक यंत्र आहे. त्याचे नाव स्पेक्ट्रम. हा घरगुती संगणक. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने तो १९८२ साली विकायला काढला. किंमत १२५ पौंडांपासून पुढे. आकार शाळेच्या पाटीएवढा आणि बटणे रबराची.

त्याला स्वतःचा पडदा नव्हता. तो घरच्या टीव्हीला जोडायचा. आणि खेळ कुठे असे? साध्या कॅसेटवर! आपण भजने ऐकत होतो ना, तसल्याच कॅसेटवर.

टेपरेकॉर्डर लावला की किर्रर्र आवाज येई. तो आवाज म्हणजेच खेळ. पूर्वी तार ऑफिसात कट्ट-कडकट्ट वाजे आणि त्यातून निरोप कळे. तसेच हे. आवाजात लांब आणि आखूड ठोके असत. त्यांवरून यंत्र खेळ वाचून घेई. मोठ्या खेळाला चार-पाच मिनिटे लागत. मध्येच बिघडले की फीत मागे घ्या, पुन्हा लावा! पोरे श्वास रोखून बसत.

मग त्या माणसांना एवढी आठवण कशाची येते? आजचे खेळ तर कितीतरी देखणे आहेत. आम्हाला वाटते, त्याचे कारण निराळे आहे. ते यंत्र नुसते खेळवत नव्हते. ते शिकवतही होते. चालू केले की ते हुकमाची वाट पाही. सोबत हुकूम लिहायला शिकवणारे पुस्तक मिळे. मासिकांत आख्खे खेळ छापून येत. मुले ते अक्षर अक्षर टिपून घेत. एक अक्षर चुकले तर खेळ अडे. मग चूक शोधायची. असे करता करता कितीतरी मुले स्वतः खेळ रचू लागली. मॅथ्यू स्मिथ हा त्यांतलाच. 'मॅनिक मायनर' हा गाजलेला खेळ त्याने १९८३ साली केला. तेव्हा तो मिसरूड फुटायच्या वयाचा होता.

१९९२ साली स्पेक्ट्रम बनणे थांबले. कॅसेटच्या फितीही कायम टिकत नाहीत. त्यांवरचा आवाज हळूहळू पुसट होतो. आवाज गेला की खेळ गेला. म्हणून जाणती माणसे जुन्या फिती नव्या संगणकात उतरवून ठेवतात. केंब्रिज शहरात तर जुन्या संगणकांचे संग्रहालयच आहे. तिथे जुन्या यंत्रांवर प्रत्यक्ष खेळता येते. आजोबा नातवाला शेजारी बसवून दाखवू शकतो.

मंडळी, जुने ते सगळेच चांगले असे नाही. पण ज्याने आपले डोके चालते केले, ते पुसले जाण्याआधी उतरवून ठेवावे. आपल्या आजीची ओवी असो, की त्यांचा किर्रर्र वाजणारा खेळ.