मनाच्या आजाराला गावातच आधार: ‘संगाथ’ची वाटचाल

नैराश्यावर गावातच मदत मिळू शकते का? हो, मिळू शकते! ‘संगाथ’ या सेवाभावी संस्थेने ते करून दाखवलंय.

१९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात ती सुरू केली. मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच, तेही बहुतेक शहरात. म्हणून संगाथने स्थानिक लोकांनाच समुपदेशन शिकवलं. अवघड रुग्ण तेवढे तज्ज्ञांकडे. गोव्याच्या सरकारी आरोग्य केंद्रांत या पद्धतीचा गुण आला आणि २०१० मध्ये ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

पुढे ‘विश्राम’ प्रकल्पातून हे काम आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत पोचलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी फक्त ४.३ टक्के होते, १८ महिन्यांनी २७.२ टक्के झाले. म्हणजे सहापट!

विदर्भातल्याच, गोंदिया जिल्ह्यातल्या आपल्या प्रतापगडला महाशिवरात्रीच्या यात्रेत आणि तिथल्या दर्ग्यावर कितीतरी माणसं मनातलं दुःख घेऊन येतात. श्रद्धा जरूर ठेवा, जोडीला उपचारही घ्या. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर घरच्यांशी, गावातल्या आशा कार्यकर्तीशी बोला किंवा सरकारच्या ‘टेली-मानस’ला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे आणि मराठीतही आहे. हा नंबर आजच घरोघरी पोचवा.