शेळीचा रंग आणि बोकडाची निवड

सन २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. परंतु या भूमीने देशाला दिलेली शेळी आजही उस्मानाबादी याच नावाने ओळखली जाते. धाराशिव व १९८२ साली त्यातून वेगळा झालेला लातूर जिल्हा यांचा कोरडा मुलूख हे तिचे माहेर होय. रानातील मिळेल त्या पाल्यावर तग धरणे व पुष्कळदा जुळी करडे देणे, हे तिचे थोर गुण आहेत.

या जातीच्या दर चार शेळ्यांपैकी सुमारे तीन काळ्या असतात. उरलेल्या पांढऱ्या, तपकिरी अथवा ठिपकेदार. यावरून 'काळी तेवढी अस्सल' अशी समजूत रूढ झाली आहे. जात ओळखण्यास रंगाचा उपयोग होतो हे खरे. परंतु केवळ रंगामुळे दूध वाढत नाही की वजन. रंग थोड्या जनुकांवर ठरतो. वजन, दूध व जुळ्यांचे प्रमाण ही अनेक जनुकांची व संगोपनाची फळे आहेत.

रंगाच्या मोहाचा परिणाम अन्य प्राण्यांतही दिसतो. लॅब्रॅडॉर कुत्र्यांत काळा, पिवळा व चॉकलेटी असे तीन रंग आहेत. ब्रिटनमधील नोंदींवरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चॉकलेटी कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान १०.७ वर्षे, तर इतर रंगांच्या कुत्र्यांचे १२.१ वर्षे आढळले. एका रंगासाठी मोजक्याच जनावरांतून पैदास केल्याने रोगास अनुकूल जनुके साठत गेली असावीत, असे संशोधकांचे अनुमान आहे.

आपल्या गावांत याहूनही मोठी चूक घडते. जो बोकड झपाट्याने वाढतो तो प्रथम बाजारात जातो; खुरटलेला मागे राहतो आणि तोच कळपास लागतो. अशा रीतीने पिढीगणिक चांगले रक्त विकले जाते. पैशाची नड असलेल्या कुटुंबास एकट्याने बोकड राखणे कठीण, हे मान्य. परंतु २५ ते ३० शेळ्यांना एक बोकड पुरतो. म्हणून चार-पाच घरांनी मिळून तो सांभाळावा.

हा बोकड जुळ्यातील, भरपूर दूध देणाऱ्या शेळीचा, सशक्त पायांचा व दोन्ही अंड पूर्ण वाढलेला असावा. हे गुण असतील तर अंगावरील पांढऱ्या ठिपक्यासाठी त्यास नाकारू नये. त्याच्याच मुली त्यास लागू नयेत म्हणून दर दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या बोकडाशी अदलाबदल करावी. नर करडे तीन महिन्यांची होताच वेगळी बांधावीत. पैदाशीस नको असलेल्यांचे पशुवैद्यकीय दवाखान्यात खच्चीकरण करून घ्यावे.

ग्रामसेवकांनी प्रत्येक कळपाची एक वही ठेववावी. तीत वेताची तारीख, करडांची संख्या, त्यांची आई व बाप आणि वजन एवढे लिहिले तरी पुरे. पुढील बोकड त्या वहीवरून निवडावा, कातडीवरून नव्हे.