दारावरच्या नावाचा साचा

आपल्या समाजात आडनाव हाच मूळ गावाचा पत्ता होय. पेणकर, रोहेकर, नवगावकर असे उच्चारताच कोकणातील गाव डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु मराठी न वाचणाऱ्या नातवंडांस हा पत्ता कोणी सांगावा? म्हणून मराठी व हिब्रू या दोन्ही लिपींत नाव उठविलेली भाजक्या मातीची फरशी दारावर लावावी, असे आम्ही योजिले. त्यात आमची झालेली फजिती वाचकांस उपयोगी पडावी.

प्रथम माती. कतारमधील मेसईद येथे वाळूच्या टेकड्याच टेकड्या आहेत. पण नुसत्या वाळूची फरशी होत नाही, कारण वाळूस चिकटपणा नाही. चिकणमातीच हवी, आणि तीत भाजलेल्या मातीचा थोडा चुरा, म्हणजे ती सहसा तडकत व वाकत नाही. त्याच आखाती प्रदेशातील जुन्या घरांच्या भिंतींवर जिप्समची कोरीव नक्षी असे. हेच जिप्सम तापवून प्लॅस्टर ऑफ पॅरिस होते, आणि आपल्या कामास त्याचाच साचा उत्तम.

कारण हा साचा मातीतील पाणी शोषून घेतो व फरशी अलगद सुटते. लाकडी साच्यास आतून राख अथवा ओले फडके लागते, धातूच्या साच्यास तेल. पूर्वी कोकणातील कुंभार चाकावर नळी घडवून ती उभी चिरी व नळीची कौले करी. पुढे १८६५ साली बासेल मिशनने मंगलोरास कौलांचा कारखाना काढला. हजारो नग एकसारखे दाबावयाचे, तर धातूचा साचा परवडतो. एका नावासाठी प्लॅस्टर पुरे.

आता आमच्या दोन चुका. साच्यात अक्षरे सरळ कोरली, ती फरशीवर उलटी उमटली! साच्यात मराठी उजवीकडून डावीकडे आणि हिब्रू डावीकडून उजवीकडे कोरावयास हवी. अक्षरांच्या कडाही तिरक्या असाव्यात. उभ्या कडांत माती अडकते.

दुसरी चूक मापाची. माती वाळताना व भाजताना आटते. आधी मातीच्या पट्टीवर १० सें.मी.ची रेघ मारून ती भाजावी. रेघ ८.८ सें.मी. भरली, तर १५ सें.मी.च्या फरशीस साचा सुमारे १७ सें.मी.चा हवा.

फरशी साच्यातून काढून, सावलीत दोन फळ्यांमध्ये सावकाश वाळवावी आणि मगच भट्टीत द्यावी. साचा मात्र भट्टीत घालू नये; उष्णतेने प्लॅस्टर भुसभुशीत होते.

आमची तिसरी फरशी साधली. नातवाने हिब्रू नाव वाचले, आणि शेजारच्या अक्षरांवर बोट ठेवून विचारले, "हे काय लिहिले आहे?" त्या एका प्रश्नासाठीच हा सारा खटाटोप होता.