तीन पिनांचा पेच

संगणकातून डिजिटल ध्वनी बाहेर नेणारी एसपीडीआयएफ ही पद्धत सोनी आणि फिलिप्स यांच्या नावाने ओळखली जाते. केबलमधून काय वाहायचे, हे आयईसी 60958 या मानकात नीट बांधलेले आहे: 75 ओमची कोॲक्सियल केबल आणि अर्ध्या व्होल्टचा सिग्नल. मदरबोर्डवरच्या ज्या पिनांतून हा सिग्नल निघतो, त्यांचा क्रम मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेला. कुणी 5 व्होल्ट, गाळलेली पिन, सिग्नल, ग्राउंड असा क्रम लावतो, कुणी सलग तीन पिना देतो, तर कुणी सिग्नल आणि ग्राउंड एवढ्यावरच भागवतो. म्हणून एका बोर्डाचे ब्रॅकेट, म्हणजे या पिनांना तारांनी जोडलेली सॉकेटांची पट्टी, दुसऱ्याला लावताना प्लग बसतो का, हे पाहून काहीच कळत नाही. कोणती तार कोणते काम करते, हे पाहावे लागते.

‘पाच व्होल्टच तर आहेत, उलटसुलट लावून बघू’ हा युक्तिवाद महागात पडू शकतो. 5 व्होल्टची पिन ग्राउंडच्या तारेला भिडली तर सरळ शॉर्टसर्किट होते. त्यापेक्षा मल्टिमीटर बरा. संगणक बंद असताना जी पिन बोर्डाच्या स्क्रूच्या भोकाशी जोडलेली दिसते ती ग्राउंड. चालू केल्यावर जिथे स्थिर 5 व्होल्ट दिसतात तो वीजपुरवठा. उरतो तो सिग्नल. ब्रॅकेटच्या बाजूला कोॲक्सियल केबलच्या आरसीए सॉकेटचे बाहेरचे कडे ग्राउंडची तार दाखवून देते. मग प्लगमधली प्लॅस्टिकची जीभ सुईने उचलून तारांची अदलाबदल करता येते, सोल्डरिंगही लागत नाही. प्रकाशाने सिग्नल पाठवणाऱ्या ऑप्टिकल सॉकेटमधल्या लाल एलईडीला मात्र वीज लागतेच. दोन पिनांच्या बोर्डावर ती दुसरीकडून, उदाहरणार्थ मोलेक्स कनेक्टरच्या लाल तारेतून, आणावी लागते.

सिग्नल डिजिटल आहे, शून्य आणि एकच तर पोचवायचे, मग व्होल्टेजची एवढी चिकित्सा कशाला? कारण शून्य आणि एकही शेवटी व्होल्टेजच असतात, आणि ऐकणारे यंत्र आपले घड्याळही त्याच सिग्नलच्या कडांवरून लावते. सीडीच्या 44.1 किलोहर्ट्झ ध्वनीसाठी सेकंदाला 28 लाखांहून जास्त बिट धावतात. 5 व्होल्टचा सिग्नल अर्ध्या व्होल्टवर आणायला ब्रॅकेटवर 374 आणि 91 ओमच्या रेझिस्टरची जोडी पुरते. तीच जोडी केबलशी जुळणारा, 75 ओमच्या आसपासचा इम्पिडन्सही देते. हेच ब्रॅकेट 3.3 व्होल्टच्या बोर्डावर लावले तर हिशेबाने 0.33 व्होल्टच मिळतात. ऐकणाऱ्या यंत्राने 0.2 व्होल्टपर्यंतचा सिग्नल ओळखावा, अशी मानकाची अपेक्षा असल्याने आवाज येतो. लांब किंवा सुमार केबलसाठी हातात राहणारी सवलत तेवढी घटते.

एचडीएमआय असताना हा खटाटोप हवाच का, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. एसपीडीआयएफवरून दोन चॅनलचा मूळ ध्वनी किंवा डॉल्बी डिजिटलसारखा दाबलेला 5.1 ध्वनीच जातो. नवे यंत्र घेणाऱ्याने एचडीएमआयच निवडावे. पण चांगल्या अवस्थेतल्या जुन्या ॲम्प्लिफायरला तो मार्गच नसतो, आणि बंद झालेल्या बोर्डाचे मूळ ब्रॅकेट शोधूनही मिळेलच असे नाही.