उजळाईवाडीची धावपट्टी आणि मे महिन्यातली हवा

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचे उद्घाटन १९३९ साली छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत झाले. एका संस्थानाने त्या काळी विमानतळ उभारावा, ही मोठी दूरदृष्टी. तरीही पुढची अनेक दशके इथली प्रवासी सेवा कधी सुरू, कधी बंद अशीच राहिली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या ‘उडान’ या प्रादेशिक विमानसेवा योजनेखाली ती पुन्हा सुरू करावी लागली. याचे खापर सहसा राजकीय उदासीनतेवर फुटते. माझ्या मते धावपट्टीच्या लांबीकडे आपण फार कमी पाहिले.

पंखांना मिळणारी उचल हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरते. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. मे महिन्यात तिथे पारा ३८ अंशांवर गेला, की समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा घनता सुमारे १४ टक्क्यांनी घटते. तेवढीच उचल मिळवायला वेग ७ ते ८ टक्के जास्त लागतो आणि तो गाठण्यासाठीची धाव १६ टक्क्यांनी लांबते. विरळ हवेत इंजिनाचा जोरही उतरतो, त्यामुळे खरी वाढ याहून मोठी असते. जुनी धावपट्टी होती १३७० मीटरची. सत्तरेक आसनांच्या एटीआर विमानाला पूर्ण भारासह, प्रमाण हवेतच सुमारे १३०० मीटर लागतात. मग भर दुपारी भार कमी करण्यावाचून गत्यंतर नसते. खुर्च्या रिकाम्या जातात, खर्च मात्र जवळपास तेवढाच राहतो. ‘उडान’चे अनुदान साधारण तीन वर्षांचे, ते संपल्यावर असा मार्ग तगणे अवघड.

यावर कोणी म्हणेल, छोटी विमाने आणा. पण वैमानिक, देखभाल आणि विमानतळाचा खर्च एकोणीस प्रवाशांत वाटला, तर तिकीट सामान्यांच्या आवाक्याबाहेर जाते. महामार्ग आणि रेल्वे पुरेशी आहे, हा आक्षेप पुण्यापुरता मला मान्य आहे. हैदराबादला जाणाऱ्याची मात्र रात्र वाटेतच जाते.

धावपट्टी पुढे १९३० मीटरपर्यंत वाढली, रात्री उतरण्याची सोय झाली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. टर्मिनल देखणे आहेच, पण ए-३२० सारख्या जेटला पूर्ण भाराने उडायला प्रमाण हवेतही दोन किलोमीटरहून अधिक धावपट्टी लागते. आपल्या जिल्ह्यात विमानतळाची घोषणा झाली, तर लोकप्रतिनिधींना आधी एवढेच विचारा: मे महिन्यातल्या दुपारी इथून भरलेले विमान उडेल का?