हवाई सुंदरी नव्हे, कामगार!

काही शब्द असे रूढ झाले आहेत की ते उच्चारताच माणूस दिसेनासा होतो. 'हवाई सुंदरी' हा त्यांपैकीच एक. वाहतूक पोलिसाला कोणी 'रस्तासुंदर' म्हणत नाही, परिचारिकेला 'इस्पितळसुंदरी' म्हणत नाही. मग विमानात काम करणाऱ्या बाईच्याच वाट्याला हा हुद्दा का? जिच्या हुद्द्यातच तिचे रूप कोंबले, तिच्या कामाचे तास मोजण्याची गरज कोणाला वाटत नाही. आज आम्ही त्या तासांबद्दलच लिहिणार आहोत.

गेल्या काही वर्षांत विमान कंपन्यांत काम करणाऱ्या चार-पाच मुली आमच्याकडे सल्ल्यासाठी आल्या. कोणाचा प्रशिक्षणाच्या बॉण्डचा प्रश्न होता, कोणाचा रजेचा. चेंबूर, घाटकोपर, उल्हासनगर इकडच्या, आपल्या वस्त्यांतल्या मुली. एकीच्या आईने वीस वर्षे लोकांच्या घरची भांडी घासली. त्यांनी सांगितलेले काम ऐकून आम्हीच चाट पडलो. वस्तीत मात्र समज असा की, पोरगी परदेशात फिरते, हॉटेलात राहते, मजा आहे!

मुंबईहून थेट न्यूयॉर्कला जाणारे विमान धरा. पंधरा-सोळा तासांचा प्रवास. विमान मध्यरात्रीनंतर सुटायचे असेल तर बाईचा दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. केस कसे बांधायचे, ओठांना कोणता रंग, नखे किती, कानातले केवढे, सारे कंपनीच्या नियमपुस्तकात लिहिलेले. त्यासाठी लागणारा तास-दीड तास मात्र तिचा स्वतःचा. रात्री दहाच्या सुमारास कंपनीची गाडी गल्लीच्या तोंडाशी येते. रात्री दहाला नटूनथटून गाडीत बसणाऱ्या पोरीकडे शेजारपाजार कोणत्या नजरेने बघतो, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

विमानतळावर आधी बैठक होते. प्रमुख पर्सर एकेकीला प्रश्न टाकते. तुझ्या दाराची घसरगुंडी फुगली नाही तर काय करशील? प्रवाशाच्या बॅगेत बॅटरी पेटली तर? एखाद्याचे हृदय बंद पडले तर पहिल्या मिनिटाला काय? ही परीक्षा दर उड्डाणाला. मग विमानात शिरल्यावर जेवणाच्या गाड्यांना हात लावण्याआधी अग्निशामक नळकांडी, ऑक्सिजनच्या बाटल्या, लाइफ जॅकेट, भोंगा, दाराच्या घसरगुंडीचा दाब असे सारे तपासायचे. कायद्याच्या दृष्टीने ही बाई विमानात आहे ती याच कामासाठी. साधारण पन्नास आसनांमागे एक कर्मचारी हवा, हा नियम चहा वाटण्यासाठी केलेला नाही. नवे विमान प्रवासी वाहतुकीला पात्र ठरते ते निम्मी दारे बंद ठेवून ९० सेकंदांत भरलेले विमान रिकामे करून दाखवल्यावर. ते रिकामे करणार कोण? हीच.

त्यानंतर तीनशे माणसे आत येतात. त्यांच्या बॅगा वरच्या कप्प्यात बसत नाहीत, नवरा-बायकोला शेजारी जागा हवी असते, म्हातारीला चालवत नाही, लेकरू रडते. हा तासभर अंग मोडून काढतो. आणि खरी गोम इथेच आहे. जगातल्या अनेक विमान कंपन्यांत कामाचा पगारी तास मोजायला सुरुवात होते ती विमान जागेवरून हलल्यावर. दार उघडे असताना केलेली ही हमाली हिशेबात धरलीच जात नाही. आपल्याकडेही या मुलींच्या मिळकतीचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांवर बेतलेल्या भत्त्याचा असतो. विमान धुक्यात चार तास जमिनीवर अडकले तर प्रवासी शिव्या कंपनीला घालतात, पण खायच्या हिलाच लागतात.

कॅनडात याच प्रश्नावर ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या सुमारे दहा हजार केबिन कर्मचाऱ्यांनी संप केला. जमिनीवरच्या कामाचेही पैसे द्या, एवढीच मुख्य मागणी. सरकारने बारा तासांच्या आत कामावर परतण्याचा बडगा उगारला. युनियनने तो मानला नाही आणि चार दिवसांत कंपनीला वाटाघाटीला बसावे लागले. अमेरिकेत डेल्टा कंपनीने २०२२ पासून प्रवासी आत घेतानाच्या वेळेचे पैसे द्यायला सुरुवात केली, तेही निम्म्या दराने. निम्म्या दराने का, असा प्रश्न आमच्यासारख्याला पडतोच. त्या तासात तिचे अंग निम्मेच दुखते काय?

विमान उडाले की आतली हवा समुद्रसपाटीसारखी नसते. ती सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरासारखी विरळ असते. आपल्या महाराष्ट्राचे सर्वात उंच शिखर कळसूबाई, ते साधारण ५,४०० फुटांचे. म्हणजे ही बाई कळसूबाईच्याही वरच्या हवेत, वाळवंटासारख्या कोरड्या वातावरणात, जेवणाची जड गाडी अरुंद बोळातून पुढे ढकलते आणि मागे ओढते. विमान चढणीला असेल तर तीच गाडी चढावर. पहिले जेवण, पाणी, चहा, उष्टी ताटे गोळा करणे, पुन्हा पाणी. दर थोड्या वेळाने संडास बघायचे. तिथे चोरून सिगारेट ओढणारा एखादा महाभाग तीनशे जणांना जाळू शकतो म्हणून बघायचे, आणि घाण असेल तर साफ करायचे म्हणूनही.

या साफसफाईबद्दल आम्हांला दोन शब्द जास्त लिहायचे आहेत. आमच्या त्या मुलीने सांगितले, "ताई-दादा म्हणणारे प्रवासीही उष्टे ताट हातात देताना आमच्या हाताला हात लागू नये याची काळजी घेतात." ती पुढे म्हणाली की, आडनाव छातीवरच्या पट्टीवर लिहिलेले असते आणि काही जण ते नीट वाचतात. संडासात घाण करून ठेवणारा इंग्रजी बोलणारा आणि महागड्या तिकिटाचा असतो. ज्या देशात उष्टे काढणे आणि मैला उचलणे जन्माने ठरवले गेले, त्या देशाचा माणूस ३५ हजार फुटांवर गेला म्हणून ते सारे खाली ठेवून येत नाही. पासपोर्टसोबत तेही घेऊन चढतो.

पंधरा तासांत मध्ये विश्रांती असते. कर्मचाऱ्यांचे दोन गट करतात आणि एकेका गटाला चार-पाच तास मिळतात. ही विश्रांती विमानाच्या पोटात किंवा छताखाली, रेल्वेच्या वरच्या बर्थहूनही अडचणीच्या खोपटात. ताठ उभे राहता येत नाही. पांघरुणावरून पट्टा आवळून झोपायचे, कारण विमान कधी हादरेल याचा नेम नाही. झोप लागते न लागते तोच उठून केस नीट करून पुन्हा हसायला उभे राहायचे. रात्रपाळीचे काम कर्करोगाला कारण ठरण्याची दाट शक्यता आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली नोंदवले आणि २०१९ साली पुन्हा तेच सांगितले. वर अंतराळातून येणाऱ्या किरणांचा प्रश्न वेगळाच. युरोपात विमान कर्मचाऱ्यांच्या अंगावर वर्षभरात किती किरणोत्सर्ग पडला याचा हिशेब ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर आहे.

उतरण्यापूर्वी ती आपल्या छोट्या घडीच्या आसनावर ताठ बसते. प्रवाशाला वाटते, दमून गप्प बसली आहे. खरे तर ती मनातल्या मनात उजळणी करीत असते : दार कोणते, कडी कुठली, पहिली हाक कोणती. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान दुसऱ्या विमानाला धडकून पेटले. आत ३७९ माणसे. आतली ध्वनियंत्रणा बंद पडली, आठपैकी तीनच दारे वापरता आली. भोंगे आणि घसा एवढ्यावर केबिन कर्मचाऱ्यांनी साऱ्यांना बाहेर काढले, त्या विमानातले एकही माणूस दगावले नाही. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत पॅन ॲमच्या अपहृत विमानात नीरजा भनोतने प्रवाशांना वाचवताना प्राण दिले. मुंबईत वाढलेली ही मुलगी तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस असताना गेली. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. आणि १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत लंडनला निघालेले विमान कोसळले, त्यात दहा केबिन कर्मचारी होते. त्यांतले कितीतरी आपल्या मुंबई-ठाणे-रायगडकडचे. त्यांना वाचवायला वेळच मिळाला नाही. त्या आठवड्यातही काही वाहिन्या त्यांचे फोटो दाखवून 'हवाई सुंदरी'च म्हणत होत्या.

आता कायद्याचे बघू. हा आमचा प्रांत आहे म्हणून थोडे सविस्तर.

१९३० साली अमेरिकेत एलन चर्च ही पहिली विमानसेविका झाली तेव्हाच अटी ठरल्या : अविवाहित, पंचविशीच्या आत, वजन ११५ पौंडांच्या आत. ती शिकलेली परिचारिका होती, विमान चालवायलाही शिकली होती. पुढे १९५८ साली रूथ कॅरोल टेलर ही पहिली कृष्णवर्णीय विमानसेविका झाली. वर्णाची भिंत तिने फोडली, पण सहा महिन्यांत लग्नाच्या अटीने तिला खाली उतरवले. एका गुलामीतून सुटलेली बाई दुसरीत कशी अडकते, याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांला माहीत नाही.

आपल्याकडे एअर इंडियात नियम असा होता : बाईने पस्तिशीत निवृत्त व्हावे, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर त्याच दिवशी, किंवा पहिल्यांदा गरोदर राहिली की तेव्हाच, जे आधी घडेल ते! तिच्याबरोबर तीच गाडी ढकलणारा पुरुष मात्र ५८ पर्यंत. नर्गेश मिर्झा आणि तिच्या सहकाऱ्यांनी याला आव्हान दिले. १९८१ साली न्या. फझल अली, न्या. वरदराजन आणि न्या. सेन यांच्या पीठाने निकाल दिला. न्या. वरदराजन हे सर्वोच्च न्यायालयातले पहिले दलित न्यायमूर्ती, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. गरोदर राहिली म्हणून काढून टाकणे हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि ती अट रद्द केली. पण चार वर्षे लग्न न करण्याची अट राहिली, पस्तिशीही राहिली. मुदतवाढ साहेबाच्या मर्जीवर सोडणारा भाग तेवढा गेला. स्त्री आणि पुरुष कर्मचारी हे दोन वेगळे संवर्ग आहेत म्हणून समतेचा भंग होत नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारला. आम्ही हा निकाल अर्धाच न्याय मानतो. आधी संवर्ग वेगळे करायचे, मग ते वेगळे आहेत म्हणून वागणूक वेगळी द्यायची, ही युक्ती या देशाला नवी नाही.

इथे १९२८ सालची आठवण अटळ आहे. मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचेच हित आहे. गिरणीतल्या बाईसाठी १९२९ साली कायदा झाला. आणि त्यानंतर पन्नास वर्षांनीही स्वतंत्र भारताची सरकारी कंपनी गरोदर बाईला घरी पाठवत होती.

लढा तिथे संपला नाही. बायकांना पन्नाशीत उड्डाणातून उतरवणे २००३ साली सर्वोच्च न्यायालयाला भेदभाव वाटला नाही. विमानात बाईने पर्यवेक्षक व्हावे, म्हणजे पुरुषाने तिच्या हाताखाली काम करावे, असा आदेश निघाला तेव्हा विरोधात कोर्टात गेले ते तिचेच पुरुष सहकारी. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. कामगार चळवळीतल्या आमच्या बांधवांनी या गोष्टीवर जरा विचार करावा.

आणखी एक मुद्दा आपल्या लोकांना थेट भिडणारा. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिच्या भरतीत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव असत. २७ जानेवारी २०२२ रोजी ती खासगी मालकीत गेली आणि ते दार बंद झाले. आता आपली मुलगी या नोकरीत जाते ती लाखभर फी घेणाऱ्या 'एअर होस्टेस अकॅडमी'च्या दारातून, कर्ज काढून. अकॅडमी नोकरीची हमी देते ती तोंडी, लेखी कधीच नाही. मुलाखतीत निर्मळ कांती आणि हास्य तपासले जाते. निर्मळ कांती म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे.

ज्या मुली जाऊ इच्छितात त्यांना आम्ही अडवत नाही, उलट जरूर जा म्हणतो. पण सही करण्याआधी नेमणूकपत्र कोणा वकिलाला दाखवा. प्रशिक्षणाच्या बॉण्डवर कितीही मोठा आकडा लिहिला असला तरी करार कायद्याखाली मालकाला वाजवी भरपाईच मागता येते, लिहिलेला आकडा आपोआप मिळत नाही. प्रवाशाने अंगाला हात लावला तर 'जाऊ दे' म्हणू नका. २०१७ च्या नियमांनुसार अशा प्रवाशाला सहा महिन्यांपर्यंत विमानबंदी होऊ शकते आणि पोलिसांत गुन्हाही नोंदवता येतो. २०१३ च्या कायद्याने कामानिमित्तचे वाहनसुद्धा कामाचे ठिकाण ठरवले आहे, विमान त्यात येते. पर्सरला लेखी अहवाल द्या, त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. आणि भत्त्याचा तास नेमका कोणत्या मिनिटापासून मोजणार, ते पत्रात लिहिले नसेल तर मुलाखतीतच विचारा. विचारणारी मुलगी नको म्हणणारी कंपनी असेल तर ते सही करण्याआधी कळलेले बरे.