मोटारसायकलस्वाराचे चामडी जॅकेट : माप बसले तरच माल उपयोगाचा

बीड जिल्ह्यातील मांजरसुंबा हे चौकाचे गाव आहे. एक रस्ता बीडकडे जातो, दुसरा चौसाळा-येडशीमार्गे सोलापूरकडे, तिसरा नेकनूर, केज, अंबाजोगाईकडे आणि चौथा पाटोदा-जामखेडकडे. सोलापूर-धुळे महामार्गाचा येडशी-औरंगाबाद टप्पा चौपदरी झाल्यापासून या भागात वाहनांचा वेग पुष्कळ वाढला आहे. आठवडी बाजार करणारे लहान व्यापारी, वसुलीला जाणारे दुकानदार, हत्यारांची पिशवी घेऊन निघालेले मिस्त्री यांतील बहुतेकांचे वाहन मोटारसायकलच असते. अंगावर मात्र साधा शर्ट आणि पायांत चप्पल.

अशा चौकात टायर मिळतो, पंक्चर निघते, क्लचची तार मिळते. अंगाच्या मापाचे चामडी जॅकेट मागितले तर मुंबई-पुण्याकडे बोट दाखवले जाते. मग एखादा तरुण मोबाईलवर चित्र पाहून जॅकेट मागवतो. ते आरशासमोर झकास दिसते, पण गाडीवर बसताच बाही मनगटावरून वर सरकते आणि पाठ उघडी पडते. पैसे जातात आणि संरक्षणही मिळत नाही. ग्राहकाने काय तपासावे आणि आपल्या कारागिरांना यात कोणते काम आहे, याची माहिती या लेखात दिली आहे.

चामडेच का?

ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. त्या वेगात पडलेला माणूस जागेवर थांबत नाही, डांबरावर घासत जातो. साधी सुती पँट किंवा जीन्स या घासण्यापुढे फार तर एखादा सेकंद टिकते. त्यानंतर कातडी सोलली जाते. योग्य जाडीचे चांगले चामडे काही सेकंद तग धरते आणि तेवढ्यात माणूस बहुधा थांबलेला असतो.

मात्र चामड्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. ट्रकची धडक किंवा पोटातील मार जॅकेट अडवू शकत नाही. पहिला मान हेल्मेटचाच. ते आयएस ४१५१ या मानकाचे, आयएसआय चिन्हाचे आणि डोक्याला घट्ट बसणारे असावे. त्यानंतर हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट आणि जॅकेट यांचा विचार करावा.

ऑस्ट्रेलियात अपघातग्रस्त मोटारसायकलस्वारांची पाहणी करून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संरक्षक कपडे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ कमी आली, असे त्यात आढळले. पण त्याच अभ्यासात अपघातात सापडलेल्या दर दहा जॅकेटांपैकी जवळपास तीन जॅकेटे फाटली किंवा निकामी झाली, असेही दिसले. म्हणजे ‘रायडिंग जॅकेट’ या नावाने विकलेला प्रत्येक माल कामाचा असतोच असे नाही.

माप गाडीवर बसून पाहावे

शेरवानीचे माप उभे राहून घेतात, कारण ती उभ्याने घालून मिरवायची असते. मोटारसायकलचे जॅकेट बसून, हात पुढे करून आणि थोडे वाकून वापरायचे असते. मोटारसायकलसाठीचे पहिले चेन असलेले जॅकेट म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, ते न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉट यांनी १९२८ साली तयार केले. ते कमरेपर्यंत आखूड होते आणि त्याची चेन तिरकी होती. स्वार टाकीवर वाकला की पोटाशी कापड गोळा होऊ नये, हा अशा बेताचा फायदा. पुढे सिनेमामुळे त्याची फॅशन झाली आणि मूळ कारण लोक विसरले.

जॅकेट घेताना दुकानाबाहेर उभ्या असलेल्या आपल्याच गाडीवर बसावे, चेन पूर्ण लावावी, हॅण्डल धरावे आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

बाही : हॅण्डल धरल्यावर बाही मनगट झाकून राहिली पाहिजे. याचा अर्थ उभे असताना ती अंगठ्याच्या मुळाशी येईल, म्हणजे किंचित लांब वाटेल. उभ्याने बरोबर वाटणारी बाही गाडीवर आखूडच पडते.

पाठ : वाकल्यावर मागची कड कमरेच्या पट्ट्याखाली राहावी. चामडी पँट घेत असल्यास दोन्ही कपडे चेनने एकमेकांना जोडण्याची सोय असावी.

छाती : चेन लावून दीर्घ श्वास घेता आला पाहिजे आणि आत एक पातळ बनियन किंवा हलका स्वेटर मावला पाहिजे. त्याहून सैल जॅकेट वाऱ्याने फुगते आणि पडल्यावर अंगावर फिरते. चामडे वापराने थोडे सैल पडते, पण लांबीत वाढत नाही. म्हणून नवे जॅकेट अंगाला थोडे आवळून बसले तर चालेल, आखूड मात्र चालणार नाही.

कोपर व खांदा : येथे आत टणक गादी असते, तिला आर्मर म्हणतात. दुसऱ्या माणसाला बाही धरून पिळायला सांगावे. गादी कोपरावरून बाजूला सरकली तर पडतानाही ती सरकणारच. बाजारातील पुष्कळ जॅकेटे या एका परीक्षेत नापास होतात.

मान : हेल्मेट घालून दोन्ही बाजूंना मान वळवावी. कॉलर हेल्मेटला अडत असेल तर मागून येणारे वाहन पाहता येणार नाही.

हातमोजे : मनगटाचा पट्टा लावून दुसऱ्याला मोजा ओढायला सांगावा. जो मोजा ओढून निघतो, तो पडतानाही निघून जातो. बोटांची टोके आत दाबली जाऊ नयेत, तशी मोकळी लोंबूही नयेत.

माल कसा ओळखावा?

दाखवायला आणि वापरायला वेगळे चामडे लागते. मेंढीचे चामडे मऊ असते आणि फॅशनच्या जॅकेटांसाठी चांगले, पण रस्त्यावर घासले तर लवकर फाटते. स्वारीच्या जॅकेटासाठी गाय-बैलाचे साधारण १.१ ते १.३ मिलिमीटर जाडीचे चामडे सर्वत्र वापरात आहे. म्हशीचे चामडेही वापरतात. ते मजबूत पण जड असते. बकऱ्याचे चामडे जाडीच्या मानाने चिवट असल्यामुळे हातमोज्यांना उत्तम. जाडी मोजण्याचे साधे गेज प्रत्येक कारागिराने जवळ ठेवावे.

रेक्झीन किंवा पीयू यांची मागची बाजू कापडाची असते. ‘स्प्लिट’ म्हणजे चामड्याचा खालचा थर. त्यावर रंगाचा लेप दिला की तो वरून अस्सल दिसतो, पण ताकद कमी असते. कापलेली कड नीट पाहिल्यास फरक कळतो. आपल्या वाचकांनी अस्तराचीही चौकशी करावी, कारण जॅकेट, बूट आणि हातमोजे यांत डुकराच्या कातड्याचे अस्तर वापरले जाते. त्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या घोळक्यात दिसतात. लेप दिला असेल तर ती दिसत नाहीत. म्हणून अस्तर कशाचे आहे, हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घेणे उत्तम.

शिवण पाहताना खांदा, कोपर आणि काखेत दुहेरी टीप आहे का, ते पाहावे. दोरा नायलॉन किंवा पॉलिस्टरचा असावा. सुती दोरा घामाने कुजतो. टाके फार जवळ असणे हे चामड्यात चांगल्या कामाचे लक्षण नाही. सुईने पडलेले भोक चामड्यात कायम राहते आणि भोकांची दाट रांग पडली की चामडे पोस्टाच्या तिकिटासारखे फाटते.

युरोपात अशा कपड्यांसाठी ईएन १७०९२ हे मानक २०२० साली आले. त्यात घासण्याला टिकण्यानुसार एएए, एए, ए अशा पायऱ्या आहेत. आर्मरसाठी ईएन १६२१ हे मानक असून त्यात पहिली व दुसरी पातळी असते. दुसरी पातळी अधिक मार शोषते. हे आकडे लेबलावर आणि खुद्द गादीवर छापलेले असतात. काहीही न छापलेली स्पंजची गादी म्हणजे आर्मर नव्हे.

चामडे कोठून आणावे?

महाराष्ट्रात चामड्याच्या तयार मालाची जुनी पेठ म्हणजे मुंबईतील धारावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तामिळनाडूतून आलेल्या मुस्लिम व्यावसायिकांनी तेथे चामडे कमावण्याचे कारखाने घातले. कमावण्याचे काम पुढे तेथून हलले, पण शिवणकाम आणि विक्री टिकली. सध्या धारावीच्या पुनर्विकासाचा प्रश्न असल्यामुळे जाण्यापूर्वी दुकानाचा पत्ता विचारून घ्यावा. कमावलेल्या चामड्यासाठी तामिळनाडूतील अंबूर, वाणियंबाडी व राणीपेट, उत्तर प्रदेशातील कानपूर आणि कोलकात्याजवळील बानतला ही मोठी केंद्रे आहेत.

चामडे चौरस फुटावर विकले जाते आणि मोजमाप कातड्याच्या मागे लिहिलेले असते. एका जॅकेटाला छाट धरून साधारण ३५ ते ४५ चौरस फूट लागते. पोटाकडचा भाग ताणतो, पाठीकडचा घट्ट असतो. खांदा आणि कोपर यांसाठी पाठीकडचाच तुकडा कापावा. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीवर नाही. त्यामुळे माल कोणत्या जनावराचा आणि कोठून आला, याचे पक्के बिल व्यापाऱ्याजवळ असणे त्याच्या स्वतःच्याच हिताचे आहे.

कारागिरांसाठी संधी

मांजरसुंब्यासारख्या ठिकाणी एकदम जॅकेटाचा कारखाना काढा, असे सांगणे व्यवहाराला धरून होणार नाही. पण या कामाची अंगे आपल्या बाजारांत विखुरलेली आहेत. शिंप्याला माप कळते. सीट कव्हर करणाऱ्याकडे जाड माल शिवणारे मशीन असते. चर्मकाराला चामड्याची नस ठाऊक असते. तिघांनी मिळून दुरुस्ती व फेरफारापासून सुरुवात करावी.

बाहेरून मागवलेल्या जॅकेटची बाजू आत घेणे, फाटलेले अस्तर किंवा खराब चेन बदलणे, कोपराची गादी योग्य जागी बसावी म्हणून आतला खिसा सरकवून शिवणे ही कामे करता येतात. बाही कमी करता येते. आखूड बाही वाढवणे किंवा चुकलेला खांदा दुरुस्त करणे मात्र जवळपास नवे जॅकेट शिवण्यासारखेच आहे. ग्राहकाला हे आधीच सांगावे.

नवे जॅकेट शिवायचे असल्यास माप घेताना ग्राहकाला गाडीवर बसवावे. छाती, कंबर आणि दंडाखेरीज दोन मापे महत्त्वाची आहेत. एक, हात पुढे असताना पाठीची रुंदी. दुसरे, मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून, वाकवलेल्या कोपरावरून मनगटापर्यंतची लांबी. बाही सरळ नळीसारखी न कापता कोपरात वाकलेली कापावी आणि मुंढ्याच्या मागे हात पुढे जाण्यासाठी चुण्या किंवा ताणणारी पट्टी द्यावी. आधी मांजरपाटाचे कच्चे जॅकेट शिवून, गाडीवर घालून पाहावे आणि मगच चामड्याला कात्री लावावी. कापड उसवून पुन्हा शिवता येते, चामड्यातील भोके बुजत नाहीत. चामड्याची धारदार टोकाची सुई वापरावी आणि टाचण्यांऐवजी चिमटे लावावेत.

आपल्या हवामानाचाही विचार हवा. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा जाड चामडे अंगावर ठेवणे कठीण असते. अशा ग्राहकाला छातीवर बारीक छिद्रे पाडलेले चामडे किंवा आर्मर असलेले जाळीदार कापडी जॅकेट सुचवावे. कापडी जॅकेट घासण्याला कमी टिकते, पण खुंटीवर टांगलेल्या चामड्यापेक्षा अंगावरचे कापड बरे. पावसात भिजलेले चामडे सावलीत वाळवावे, उन्हात किंवा शेगडीजवळ नाही. बुरशी आल्यास ओलसर फडक्याने पुसून चामड्याचे मलम लावावे.

बिल खरे असावे

फॅशनचे जॅकेट विकणे गैर नाही. मात्र ते ‘रायडिंग जॅकेट’ म्हणून विकणे, न तपासलेल्या मालावर सीईचे लेबल शिवणे किंवा स्पंजला आर्मर म्हणणे ही उघड फसवणूक आहे. कमी तोललेल्या धान्यात ग्राहकाचे पैसे जातात, येथे हात-पाय जाऊ शकतात. म्हणून बिलावर चामड्याचा प्रकार, जाडी, अस्तर आणि आर्मरची पातळी लिहावी. जे तपासलेले नाही, ते ‘तपासलेले नाही’ असेच लिहावे. प्रत्येक ग्राहकाचे माप वहीत नोंदवून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या वेळी तो त्याच दुकानात येईल.

चौकाच्या गावात बातमी चारही रस्त्यांनी पसरते. एखादा स्वार घाटात पडून आपल्या पायांनी उठला आणि जॅकेट कोठे शिवले हे त्याने चार जणांना सांगितले, तर त्या कारागिराला वेगळ्या जाहिरातीची गरज उरणार नाही. उलट घडले, तर तीही बातमी तितक्याच लवकर पोहोचेल.